केस घेऊन येणारी माणसं

केस गळायला लागले की माणूस डॉक्टरकडे नुसता येत नाही, पुरावा घेऊन येतो! कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी आगपेटीत, कुणी वहीच्या कागदाच्या पुडीत. पुडी टेबलावर ठेवायची, हळूच सोडायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. "हे आजचे, म्याडम. फक्त आजचे!"

लातूरला माझा आयुर्वेदाचा दवाखाना आहे. शिकले नांदेडला, लग्न होऊन इकडे आले. गाव क्लासेसचं होत गेलं तशी माझ्या बाकड्यांवर केसवाल्यांची गर्दी वाढत गेली. पुड्या मी संध्याकाळी कचऱ्यात टाकते. त्यांच्यासोबत आलेल्या गोष्टी मात्र कुठं टाकता येत नाहीत, त्या साठत राहतात. परवा कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या तेव्हा एक सांगितली. ती संपायच्या आत दुसरी आठवली. नावं बदलून सांगते, बाकी सगळं घडलं तसंच.

*

ही नांदेडच्या दिवसांतली. मी इंटर्न होते आणि ओपीडीत आमच्या सरांशेजारी स्टुलावर बसायचे. केसांचा पेशंट आला की सर केसांकडे बघायचेच नाहीत. जेवण विचारायचे, झोप विचारायचे, पोट साफ होतं का ते विचारायचे आणि सगळ्यात शेवटी वडिलांचं डोकं विचारायचे!

एकदा धर्माबादहून मिरचीचे एक व्यापारी आले, सोबत म्हातारी आई. माणूस तिशीतला, पण कपाळ पार मागे सरकत चाललेलं.

"तिखट किती खाता?" सरांनी विचारलं.

"सर, बसतो मिरचीच्या बाजारात. जिभेवर ठेवल्याबिगर माल कसा घ्यायचा?"

"झोप?"

"सीझनमध्ये कशाची झोप, सर!"

सरांनी त्यांना शांतपणे समजावलं. तिखट, आंबट, खारट फार झालं, वर जागरण आणि ऊन, की पित्त भडकतं आणि ते केसांच्या मुळाशी बसतं. ते आपल्या हातात आहे, कमी करता येतं. "पण वडिलांकडून आलेलं असेल तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. वडिलांचे केस कसे होते?"

"मी लहान होतो तवाच वारले, सर. फोटो हाय घरी."

"घेऊन या."

पुढच्या खेपेला ते फोटो घेऊन आले. फ्रेमसकट, हारासकट! भरघोस मिशा आणि डोक्याला फेटा. सर म्हणाले, "दुसरा नाही का?" पिशवीतून दुसरा निघाला, लग्नातला. फेटा. तिसरा निघाला, बाजारात पोत्यांसमोर उभे असतानाचा. फेटा!

व्यापारी खजील झाले. "सर, बाबांचं मोकळं डोकं मला आठवतच न्हाई."

सर मग आईकडे वळले. "मावशी, तुम्हाला तर ठाऊक असेल."

म्हातारीने पदर पुढे ओढला. मुलगा म्हणाला, "सांग ना, माय."

"टक्कल होतं," ती म्हणाली. "पार गुळगुळीत. पर त्यांनी मला शपत घातली होती, जित्या जिवात कुणाला म्हनून सांगायचं न्हाई म्हून."

मग तिने फ्रेम आपल्याकडे वळवली, काचेवरून पदर फिरवला आणि फोटोला म्हणाली, "डाक्टरनं इचारलं म्हून सांगितलं बरं का!"

*

माझ्या दवाखान्यात तेल काढायचं काम रज्जाकभाईंकडे. त्यांचं घराणं लातुरातलं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचं दुकान. ते बंद पडलं आणि रज्जाकभाई माझ्याकडे आले. मागच्या अंगणात चुलीवर कढई ठेवून तिळाच्या तेलात माका, आवळा, जास्वंदीची फुलं मंद आचेवर तासन्‌तास उकळत बसायचे. घाई त्यांना ठाऊकच नव्हती. तेल निघायचं ते हिरवंगार, सगळ्या गल्लीत वास.

अडचण एकच. रज्जाकभाईंच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता!

आणि तेलाची बाटली तेच द्यायचे. पेशंट बाटलीकडे बघायचा, रज्जाकभाईंच्या डोक्याकडे बघायचा आणि पुन्हा बाटलीकडे. मला आत बसून घाम फुटायचा. एकदा अहमदपूरकडचे एक गृहस्थ बोललेच, "अहो, हे तेल एवढं गुणाचं हाय तर आधी ह्यांना लावा की!"

बाकड्यावरची सगळी माणसं हसली. रज्जाकभाईंनी बाटलीचं झाकण घट्ट बसवलं, बाहेरचं तेल फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "दादा, दुकानात दोन्ही नमुने ठेवावे लागतेत. म्याडम लावलेल्या, मी न लावलेला!"

त्या गृहस्थांनी दोन बाटल्या नेल्या.

नंतर मी म्हटलं, "रज्जाकभाई, तुमचं तर घराण्यातूनच आलंय. तेल लावलं असतं तरी गेलेच असते."

"ते मला माहीत हाय, म्याडम. आमचे अब्बा, चाचा, सगळे असेच. शादीत आमच्या खानदानाचा फोटो काढायचा म्हटलं की फोटोवाला आधीच फ्लॅश बंद करतो!"

*

देवणीचे एक काका आले होते. देवणी जातीचे बैल सांभाळणारा माणूस. प्रदर्शनात बैलाला पट्टा मिळाल्याचा फोटो खिशातच असायचा. अकरावीतल्या मुलाला घेऊन आले होते. पोरगं लातूरला होस्टेलवर. केस विरळ, नखं पांढुरकी, डोळ्याखाली काळं.

"सकाळी काय खातोस रे?" मी विचारलं.

पोराने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "मेस लावलीय, म्याडम. चांगली हाय म्हणतेत."

"सकाळी काय खातो पण?"

"काय खातो रे?" आता बापाने विचारलं.

"चहा."

"अन्?"

"चहाच. क्लास सहाला असतोय."

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "काका, तुमचा बैल सकाळी काय खातो?"

काकांचा चेहरा फुलला. "हाव, सांगतो की! आधी कडबा, बारीक कुट्टी करून. मग भिजवलेली सरकी पेंड. वर हरभऱ्याचा भरडा. थंडीत जवस अन् गूळ. उन्हाळ्यात मात्र पेंड कमी करून..."

बोलता बोलता ते थांबले. पोराच्या मनगटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "केसाचं ऱ्हाऊ द्या, म्याडम. पोरगंच वाळलंय की माझं."

त्याच्या रक्ताची तपासणी केली. निघायचं तेच निघालं, रक्त कमी. लोहाचं औषध दिलं, रोज आवळा सांगितला आणि काकांना एकच काम दिलं, खायला घाला. आयुर्वेदात केस हा हाडांशी जोडलेला भाग मानतात. हाडापर्यंत अन्नच पोचत नसेल तर वरून तेल चोपडून काय होणार?

काका दर रविवारी देवणीहून यायला लागले. दशम्या, भुईमूग, जवसाची चटणी, घरचं तूप. काही महिन्यांनी पोरगं एकटंच आलं. गाल भरलेले, केसही धरलेले. पण तोंड पाडून बसलं.

"आता काय झालं?"

"म्याडम, बाबांना तुम्ही जरा सांगा. रविवारी येतेत अन् सगळ्या पोरांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणतेत, 'आता कशी चमक आली अंगावर!'"

*

ही अगदी छोटी आहे. उदगीरहून एक कुटुंब आलं. सासू, सून, मुलगा आणि मांडीवर तीन-चार महिन्यांचं बाळ. सुनेचे केस मूठमूठ गळत होते. बिचारी रडकुंडीला आलेली.

बाळंतपणानंतर असं होतंच. पोटुशीपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते नंतर एकदम गळतात आणि बहुतेकींचे आपोआप परत येतात. मी हे समजावत होते तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी तिला कवाच सांगितलं, म्याडम. लेकरू आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतेत. लेकराची नजर असती ती!"

सुनेला जरा हसू आलं. मी पण म्हटलं, खरंच आहे, वेळ तीच असते. अळिवाचे लाडू द्या, डिंक-खारीक द्या, झोपू द्या तिला.

आतापर्यंत गप्प बसलेल्या नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. पुढचे केस निम्मे गायब!

"म्याडम," तो काकुळतीने म्हणाला, "मग माझे का गळायलेत? मला तर ह्यो अजून ओळखतच न्हाई!"

*

लातुरात तेव्हा चौकाचौकात क्लासेसचे बोर्ड लागत होते. मधोमध सरांचा फोटो, हाताची घडी, मागे निळं आकाश. तसे एक फिजिक्सचे सर माझ्याकडे आले. शिकवायला एक नंबर, पोरं नाव काढायची. पण बोर्डावरचा फोटो नोकरीला लागतानाचा, त्यात केसांचा डोंगर. प्रत्यक्षात सर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केस ओढून आणायचे.

"म्याडम, काल एक पालक ऑफिसात आले," ते म्हणाले. "मी खुर्चीत बसलेलो. मला म्हणतात, 'मोठे सर कधी येणार?' मी म्हटलं, मीच सर. तर ते म्हणाले, 'आम्ही थांबतो, मोठे सर येऊ द्या!'"

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते. "मला बोर्डावरच्यासारखं करून द्या."

मी त्यांचं सगळं विचारून घेतलं. वडील, आजोबा, दोन्ही काका. सगळ्यांचं पीक असंच गेलेलं. मी स्पष्ट सांगितलं, "सर, आहेत ते टिकवायला मदत करते. जागरण कमी करा, डोक्याला तेल लावा, नाकात रात्री दोन थेंब तूप सोडा. पण बोर्डासारखं मला करता येणार नाही. त्यापेक्षा बोर्डच तुमच्यासारखा करा ना!"

ते तसेच उठून गेले. मला वाटलं, दुखावले.

पुढच्या जूनमध्ये चौकात बघते तर नवा बोर्ड! सर जसे आहेत तसे. ओढून आणलेले केससुद्धा कापून टाकलेले, डोकं चकाचक. दोन-चार दिवसांनी पेढे घेऊन आले.

"क्लास फुल्ल झाला, म्याडम! काल एक पालक दुसऱ्याला सांगत होते, मी कानांनी ऐकलं."

"काय?"

"'इथंच टाका पोराला. बघा, सरांचं डोकं बघूनच कळायलंय, ह्या माणसानं अभ्यास केलाय!'"

*

वैष्णवी नायगावची. वडील शाळेत शिक्षक, आई घरी. बारावीला लातूरला खोली घेऊन राहायची, मेडिकलची तयारी. आई तिला घेऊन आली तेव्हा डाव्या कानामागे टाळूचा एक तुकडा उघडा पडला होता.

"चाई पडलीय, म्याडम," आई म्हणाली. "कुणी म्हणतंय गुंज उगाळून लावा, कुणी म्हणतंय कांदा चोळा. सगळं करून झालं. पोरीची जात हाय, कसं व्हायचं?"

मी बघितलं. चाई पडली की कातडी गुळगुळीत दिसते. इथे तसं नव्हतं. लहान-मोठे खुंट होते, कुठे तुटलेले, कुठे नुकते फुटलेले. मला शंका आली. वैष्णवीला म्हटलं, "तू बाहेर बस गं, पुस्तक आणलंयस ना, वाच. मी आईशी बोलते."

दार अर्धं उघडं ठेवलं. ती गणित सोडवायला लागली. उजव्या हातात पेन. डावा हात हळूच कानामागे गेला, एक केस बोटाभोवती गुंडाळला आणि ओढला. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा हात गेला. पुन्हा. तिचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं.

आईला मी तेव्हा काही बोलले नाही. तिला बाहेर पाठवून वैष्णवीला आत घेतलं.

"दुखत नाही का गं?"

ती एकदम पांढरी पडली. नाही म्हणेल असं वाटलं. पण म्हणाली, "आधी दुखायचं. आता बरं वाटतं."

"तेव्हा मनात काय असतं?"

"काहीच न्हाई, म्याडम. तेवढा वेळच काही नसतं. न्हाईतर दिवसभर डोक्यात पेपरच चालू असतो."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. म्हटलं, हा आजार आहे, तुझा दोष नाही, आणि ह्याला माझं औषध पुरं पडणार नाही. मनाच्या डॉक्टरांकडे जायला लागेल. ती रडली. मग आईला सांगितलं, तर आई रडली. "म्हणजे माझी पोरगी येडी हाय का, म्याडम?"

"तुमची पोरगी दमलीय, ताई. फार दमलीय."

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. आवाज शांत, शिक्षकी. "म्याडम, तुमचं म्हणणं पटलं. पण एवढी परीक्षा होऊ द्यावी का? मग बघू."

मी म्हटलं, "गुरुजी, वर्गात एखादं पोर बेशुद्ध पडलं तर तास संपेपर्यंत थांबता का?"

तिकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "उद्या कुठं यायचं ते सांगा."

तिच्या गोळ्या आणि बोलणं आमच्या ओळखीच्या मनोविकार डॉक्टरीणबाईंकडे सुरू झालं. माझ्याकडे फक्त तेल. मी तिला सांगितलं, अभ्यासाला बसण्याआधी दोन्ही हातांनी डोक्याला तेल जिरवायचं, सावकाश, आणि तेवढा वेळ पुस्तक मिटलेलं. रज्जाकभाई तिला बाटली देताना दरवेळी सांगायचे, "बेटी, हात राखून नको. ओत!"

निकाल लागला. मेडिकलला नंबर लागला नाही. ती कृषीला गेली, तिच्याच पसंतीने. जायच्या आधी वडिलांसोबत भेटायला आली. कानामागे मऊ, काळे, बोटभर केस. वडील तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे बघायला त्यांना सवडच नव्हती.

"म्याडम, तुमच्या तेलाचा गुण मी शोधून काढलाय," वैष्णवी म्हणाली.

"कोणता? माक्याचा की आवळ्याचा?"

"दोन्ही न्हाई. तेल लावलं की केस चिमटीत धरताच येत न्हाई, निसटतोय. घर्षणच ऱ्हात न्हाई." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर खळखळून हसली. "हे फिजिक्स हाय, म्याडम. आयुर्वेद न्हाई!"

*

आता शेवटची. ही फार जुनी आहे, मैत्रिणींनाही मी कधी सांगितली नव्हती.

लातूरचा भूकंप झाला तेव्हा माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं. दवाखाना नव्हता, लग्न नव्हतं. नांदेडहून मदतीला गेलेल्या तुकडीत मी होते आणि तुकडी परतली तरी मी मागे राहिले. औसा तालुक्यातलं एक गाव पूर्ण पडलं होतं. उरलेली माणसं माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. एका शेडमध्ये माझा दवाखाना, म्हणजे एक टेबल आणि एक कपाट.

आधीचे आठवडे जखमांचे, तापाचे, जुलाबांचे गेले. मग संक्रांतीच्या सुमारास बाया वेगळंच गाऱ्हाणं घेऊन यायला लागल्या. एक आली, मग दुसरी, मग रांगच. सगळ्यांचे केस गळत होते. फणी फिरवली की फणी भरून.

"टँकरच्या पाण्यानं होतंय," एक म्हणाली.

"पत्रा तापतोय, त्यानं," दुसरी म्हणाली.

तिसरी दबक्या आवाजात म्हणाली, "सुतक नीट पाळायला झालं न्हाई, डाक्टरीनबाई. त्याचंच हाय हे."

मी त्यांना एकत्र बसवून सांगितलं. पाणी नाही, पत्रा नाही, सुतक तर नाहीच. मोठा धक्का बसला की शरीर आधी जीव सांभाळतं, केसांकडे बघायला त्याला वेळ नसतो. केस तेव्हाच मुळातून सुटतात, पण गळून पडायला दोन-तीन महिने लागतात. आत्ता गळताहेत ते भूकंपाच्या त्या पहाटेचे आहेत. येतील परत. जेवा, झोपा, डोक्याला तेल लावा.

जेवण थोडंफार होतं, झोप कुणालाच नव्हती. तेल मी नांदेडहून डब्याने मागवलं. दुपारी दोन शेडच्या मधल्या उन्हात बाया एकीमागे एक बसायच्या आणि पुढचीच्या डोक्याला तेल लावायच्या. डोक्यावर हात पडला की कुणीतरी रडायला लागायची. मग सगळ्याच. मी डबा घेऊन उभी राहायचे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्यांच्यात कस्तुराबाई होती. नवरा आणि धाकटा मुलगा गेलेले, थोरली मुलगी वाचलेली. तिचे केस कमरेखाली होते, सगळ्या गावात तसे कुणाचे नव्हते म्हणे. ती तेल लावून घ्यायची, पण सगळ्या रडायच्या तेव्हा रडायची नाही. एक दिवस फणीतला गुंता हातात घेऊन मात्र हमसून हमसून रडायला लागली.

मागे बसलेली बाई चिडली. "अगं, घरातली मानसं गेली तवा डोळ्याला पानी न्हाई आलं तुझ्या. अन् आता केसासाठी रडतीस व्हय?"

कस्तुराबाईने तोंड पुसलं. "मानसं समद्यांचीच गेली, आक्का. माझं एकटीचं म्हून काय सांगू? ह्ये केस तरी माझ्या एकटीचे होते."

आक्काने तिचे केस पुन्हा हातात घेतले आणि पुढे तेल लावत राहिली.

गळलेले केस बाया टाकत नसत. गुंडाळा करून पत्र्याच्या फटीत खोचून ठेवत. गावात पूर्वीपासूनची रीत, केस घेणारी बाई आली की तिला द्यायचे आणि बदल्यात भांडं घ्यायचं. पण भूकंपानंतर त्या माळावर कोण येणार?

एक दिवस आली. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी. "केसावर भांडेऽऽ" अशी तिची हाक शेडच्या रांगांमधून फिरली आणि बाया दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात केसांचा गुंडाळा. केसवालीला एवढे केस एका जागी कधी मिळाले नसतील. ती घेत गेली आणि देत गेली, कुठेही घासाघीस केली नाही.

कस्तुराबाईचा गुंडाळा सगळ्यात मोठा. केसवाली म्हणाली, "ह्याच्यावर पातेलं घे, बाई."

"नको."

कस्तुराबाई पाटीपाशी उकिडवी बसली. एकेक भांडं उचलून बघत होती, ठेवत होती. मुलगी म्हणाली, "आई, घे ना पातेलं." तिने ऐकलं नाही. शेवटी एक पेला उचलला. उन्हात धरला, नखाने टिचकी मारली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि पदराखाली घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी तिच्या शेडमध्ये गेले, मुलीला ताप होता म्हणून. आत मदतीत आलेली भांडी रचून ठेवली होती. सगळ्या शेडमध्ये तीच भांडी, त्याच आकाराची, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. मी मुलीला तपासलं, औषध दिलं आणि उठले.

"थांबा, डाक्टरीनबाई," कस्तुराबाई म्हणाली. "पानी तरी घ्या."

भांड्यांच्या त्या रांगेला तिने हात लावला नाही. कोपऱ्यातल्या पेटीवरचं फडकं बाजूला केलं, खालचा पेला घेतला, विसळला, पुन्हा विसळला आणि काठोकाठ भरून माझ्यासमोर धरला.

"घ्या," ती म्हणाली. "ह्यो आमच्या घरचा हाय. वाटपातला न्हाई."